लँडलाइन फोन वर्षभर वापरून : मोबाईलशिवाय सोलापुरात भागतं का?

माझ्याकडं मोबाईल नाही हे कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, एक म्हणजे ओटीपीचं काय करता आणि दुसरं म्हणजे अहो मग ऑर्डरी कशा घेता. माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे, जुळे सोलापूरला राहते, आणि आता वर्ष होऊन गेलं, सगळ्या ऑर्डरी लँडलाइनवरच घेते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा बैजवार लिहून टाकावं, फोन कसा आहे, लाईन कशी आहे, गावात कुठं अडतं आणि कुठं काही अडत नाही. म्हणजे कुणाला घ्यायचा असेल तर उपयोग होईल.

मोबाईल सोडायचं कारण साधं आहे. भाकरी करताना दोन्ही हात पिठात असतात. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची, तव्यावर टाकली की फडक्यानं दाबत दाबत कडक होईपर्यंत भाजायची, यात मधेच हात धुवून स्क्रीन पुसून मेसेज बघायचा म्हटलं की तव्यावरची भाकरी गेलीच. आणि व्हॉट्सॲपवरची ऑर्डर एका मेसेजात कधीच संपत नाही. सकाळी येणार "पंधरा भाकरी पाहिजेत", दुपारी "वीस करा", रात्री अकराला आवाजाचा मेसेज की चटणी जरा कमी तिखट, आणि दुसऱ्या दिवशी न्यायला येणार दुसरंच कोणतरी ज्याला यातलं काहीच माहीत नाही. जुना मोबाईल खराब झाला तेव्हा मी मिस्टरांना म्हटलं, नवा नको, त्यापेक्षा घरात फोन घेऊ. ते आधी हसले, मग म्हणाले बघ बाई, तुझा धंदा तुला माहीत.

आधी डबड्याबद्दल, म्हणजे फोनच्या यंत्राबद्दल. नव्या पेठेतून घेतलं, वायरचं, साधं, वर दोन ओळींचा डिस्प्ले आहे आणि स्पीकरचं बटण आहे, हजाराच्या आत मिळालं. दुकानदार कॉर्डलेस घ्या कॉर्डलेस घ्या म्हणत होता पण मी नको म्हटलं, एक तर त्याला चार्जिंग आलं आणि दुसरं म्हणजे रिसिव्हर घरात कुठंतरी हरवणार, मग परत मोबाईलसारखंच शोधत बसा. वायरचा फोन जिथं असतो तिथंच असतो. स्पीकरचं बटण मोठं बघून घ्या हे मुद्दाम सांगते, कारण माझे हात पिठाचे असतात तेव्हा मी ते कोपरानं दाबते आणि लांबूनच बोलते, समोरच्याला व्यवस्थित ऐकू जातं. मागं रिंगचा आवाज कमीजास्त करायचं एक बारकं बटण असतं, ते पुष्कळांना माहीतच नसतं आणि मग रिंग ऐकू येत नाही म्हणून तक्रार करतात. डिस्प्लेला आत तीन बारके सेल लागतात. सेल उतरले की नंबर पुसट दिसायला लागतो, पण बोलणं बंद पडत नाही, त्यामुळं घाबरून फोन बदलू नका, सेल बदला. रिसिव्हरच्या गुंडाळीच्या वायरला पीळ बसतो, तर रिसिव्हर हातानं खाली लोंबता सोडायचा, आपोआप गिरक्या घेत पीळ सुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिसिव्हर तिरका ठेवला तर बाहेरच्याला लाईन बिझी लागत राहते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. आमच्या सासूबाई बोलून झालं की कधीकधी नुसता टेकवतात. म्हणून मी येताजाता एकदा दाबून बघते, आता सवयच झाली.

आवाज म्हणाल तर एक नंबर. मोबाईलवर हॅलो हॅलो ऐकू येतंय का, जरा बाहेर येऊन बोलते, हे जे असतं ना ते अजिबात नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मोबाईलची रेंज एकदम बेकार आहे, तिथं तर हा फोन म्हणजे देवच. माझी पुण्याची बहीण म्हणते तुझा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो.

आता लाईनबद्दल, आणि इथं जरा सविस्तर लिहिते कारण हे कुणीच नीट सांगत नाही. माझ्या माहेरी जो फोन होता तो तांब्याच्या तारेचा. त्या फोनचा आणि घरातल्या लाईटीचा काही संबंध नसायचा, एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा करंट त्याच तारेतून यायचा, तिकडं त्यांच्या बॅटऱ्या असायच्या, म्हणून गल्लीत अंधार असला तरी फोन चालू असायचा. आता नवीन कनेक्शन बहुतेक ठिकाणी फायबरचंच देतात. फायबर म्हणजे काचेची तार, त्यातून उजेडाच्या रूपात सिग्नल येतो, करंट येत नाही. घरात जो एक डबा लावतात, ज्याला वायफाय पण असतं, त्याच्या मागं फोनचं सॉकेट असतं आणि तो डबा घरच्या करंटवर चालतो. म्हणजे लाईट गेली की डबा बंद, डबा बंद झाला की फोन मुका. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा त्रेचाळीस चव्वेचाळीसला जातो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. कनेक्शन लावायला आलेल्या माणसानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नातेवाईकांकडं विचारलं तर वेगवेगळ्या कंपन्यांचं कनेक्शन असूनही सगळ्यांचा अनुभव हाच. लँडलाइन आहे म्हणजे लाईट गेल्यावर चालणारच असं माणूस धरून चालतो, आणि घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर हे भारी पडू शकतं, हे कनेक्शन देताना तोंडानं सांगायलाच पाहिजे.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. राऊटरला लावायचा बारका यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा, हजार बाराशेपर्यंत. घेताना डब्याच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते कागदावर उतरवून न्या, बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात पण सगळे नसतात, आणि पिन बसते का तेही दुकानातच बघा. माझा तीन तास आरामात ओढतो. तेव्हापासून लाईट गेली म्हणून ऑर्डर गेली असं झालेलं नाही.

फोन लावताना एक गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावायला लागतो. मोबाईलवरून मोबाईलला लागत नाही, लँडलाइनवरून मोबाईललाच लागतो. बऱ्याच जणांना हे अजून माहीत नाही आणि मग "हा नंबर अस्तित्वात नाही" टाइप ऐकू आलं की फोन खराब म्हणून सोडून देतात. उलट्या बाजूनं, मोबाईलवरून मला फोन करणाऱ्यांना ०२१७ लावायला लागतो, तो विसरतात. माझ्या एका नेहमीच्या ग्राहकाचा मुलगा खाली गेटवर येऊन उभा, "अक्का, तुमचा फोन लागंना की वो, व्हॉट्सॲपवर पण दिसंना." मी म्हटलं बाळा, आधी शून्य दोन एक सात लाव, मग नंबर. तिथंच उभा राहून लावला, वर घरात रिंग वाजली, तो खूश.

आणि खरी अडचण ही की मी कुणाला फोन केला तर लोक उचलत नाहीत. स्क्रीनवर ०२१७ दिसलं की त्यांना वाटतं बँकवाले, लोनवाले, नाहीतर कुणीतरी फसवणारं. लोकांचीही चूक नाही, डिजिटल अरेस्टच्या नावाखाली, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरच अटक केल्याचं भासवून, माणसांना कसं लुटतात ते रोज पेपरात येतंय, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये त्यावर सावध केलं होतं. मी आता प्रत्येक ग्राहकाला पहिल्या भेटीतच सांगते, माझा नंबर नावासकट सेव्ह करा, मग मी फोन केला तर कळेल. चटणीच्या पाकिटावरच्या लेबलवर पण नंबर एसटीडी कोडसकट छापलाय.

आता ऑर्डरीचं. फोनशेजारी एक जाड वही आहे आणि तिला सुतळीनं पेन बांधलंय. तारीख, नाव, भाकरी किती, चटणी किती आणि तिखट कशी, कोण न्यायला येणार, किती वाजता. फोनवर माणूस समोर असतो त्यामुळं हे सगळं मी तिथल्या तिथं विचारून घेते आणि शेवटी वाचून दाखवते. "बुधवारी सकाळी दहाला, पंचवीस भाकरी, अर्धा किलो चटणी मध्यम, तुमचा भाचा येणार, बरोबर?" बरोबर म्हटलं की संपलं. दोन मिनिटांचं काम. ज्यांना आधी दहा मेसेज लागायचे त्यांची ऑर्डर आता एका फोनमध्ये पक्की होते आणि फेरबदल फार कमी झालेत, कारण तोंडानं सांगितलेलं माणूस सहसा फिरवत नाही. अगदी अलीकडं एका ताईंनी फोनवर विचारलं की लग्नानंतर मुलगी बेंगळुरूला चाललीय, भाकरी किती दिवस टिकतील, डब्यात कशी भरायची. त्यांना समजावून सांगितलं की पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावायचा नाही, ओल राहिली की भाकरी मऊ पडते आणि वास धरते, आणि चटणीला शेंगदाण्याचंच तेल सुटलेलं असतं त्यामुळं ती टिकते पण ओला चमचा घालायचा नाही. हे मेसेजवर सांगता आलं असतं का, आलं असतं, पण त्या पुढं मुलीबद्दल बरंच बोलल्या आणि फोन ठेवताना ऑर्डर दुप्पट केली.

तोटा पण सांगते. फोटो पाठवता येत नाही. नवीन ग्राहक म्हणतो पाकीट कसं दिसतं दाखवा, तर त्याला ईमेल करायला लागतो (घरी कॉम्प्युटर आहे, पोरीचा, त्यावरच हे टाइप करतेय). काही तरुण पोरं फोनवर बोलायलाच तयार नसतात, त्यांना टाइप करायची सवय, अशा ऑर्डरी गेल्या हे खरं आहे. मला त्या भरून निघाल्या, दुसऱ्याला निघतीलच असं सांगणार नाही.

पैशांचं काय, तर क्यूआरचा स्टिकर आहे आणि शेजारी पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा आहे. त्या डब्यात त्याचं स्वतःचं सिम असतं, त्यामुळं माझ्या हातात मोबाईल असायची गरजच नाही, "दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले" म्हटलं की वहीत टिक करायची. महिन्याला थोडं भाडं जातं. रोख देणारेही पुष्कळ आहेत. बँकेत पासबुक छापायचं मशीन आहे, बारकोड लावून पासबुक आत सरकवलं की सगळ्या नोंदी छापून येतात, मी आठवड्यातून जाते आणि वहीशी ताडून बघते. मोठ्या ऑर्डरी, म्हणजे संस्थांच्या कार्यक्रमाच्या वगैरे, त्यांचे चेक येतात. चेकला लोक जुनाट समजतात पण ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं पद्धत बदलली, पूर्वीसारखं दोन दोन दिवस थांबायला लागत नाही, सकाळी भरला तर सहसा त्याच दिवशी वटतो. मोबाईल नसणाऱ्यांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

बाहेरगावचं पार्सल स्पीड पोस्टनं जातं. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टमध्येच गेलं. पावतीवरचा नंबर मी ग्राहकाला फोनवर वाचून दाखवते आणि तो त्याच्या मोबाईलवर बघत बसतो, मला बघायची गरज पडत नाही.

प्रवासाचं लोकांना फार वाटतं की कसं होणार. मी पुण्याला बहिणीकडं जाते ते सकाळच्या हुतात्मानं. स्टेशनवर रिझर्व्हेशनच्या खिडकीवर फॉर्म भरायचा, तिकीट छापून हातात. खिडकीवर आता गर्दीच नसते पूर्वीसारखी. वेटिंग असेल तर १३९ ला घरच्या लँडलाइनवरून फोन लावायचा, पीएनआर दाबला की कन्फर्म झालं का ते कळतं, गाडी लेट आहे का तेही कळतं. फक्त निघायच्या आधी घरूनच विचारून निघा, कारण मोठ्या स्टेशनांवर डब्याबाहेर चार्ट चिकटवणं २०१८ मध्येच बंद केलंय, पूर्वीसारखं बोट फिरवत नाव शोधता येत नाही. तत्काळ मात्र विसरा. २०२५ पासून तत्काळला ओटीपीची अट आणलीय, म्हणजे अचानक कुणाचं काही झालं आणि ताबडतोब जायचं म्हटलं की आमच्यासारख्यांनी जनरलच्या डब्यात उभं राहायचं. गावातल्या गावात मात्र काहीच अडत नाही. रिक्षा कोपऱ्यावर उभ्या असतात, हात केला की थांबतात, सात रस्ता म्हटलं की सात रस्ता. ॲपबिप काही लागत नाही, लहान गावात राहण्याचा हा फायदा पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही.

गड्ड्याची यात्रा हे मला वाटतं सगळ्यात अवघड ठिकाण. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे, दुकानं, भज्यांचे गाडे, आणि माणूस माणसाला चिकटून चाललेला. गेल्या गड्ड्याला आम्ही घरातून निघतानाच ठरवलं की चुकामूक झाली तर कुठं यायचं आणि किती वाजता यायचं, पोरीच्या मनगटात साधं घड्याळ, माझ्या मनगटात घड्याळ. आणि खरंच चुकामूक झाली, ती मैत्रिणींबरोबर पाळण्याकडं गेली आणि मी सासूबाईंना घेऊन मागं राहिले. ठरलेल्या वेळेला सगळे ठरलेल्या जागी. आणि एक सांगते, ज्यांच्याकडं मोबाईल होते त्या आमच्या शेजारच्यांना एकमेकांचा फोनच लागत नव्हता, एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठून मिळणार, ते आमच्यानंतर कितीतरी वेळानं एकमेकांना सापडले.

पोरीचा विषय निघाला म्हणून. ती आठवीत आहे, शाळेचं सगळं ग्रुपवर येतं, गृहपाठ, सूचना, उद्या काय आणायचं. मी वर्गशिक्षिकांना भेटून सांगितलं की बाई, माझ्याकडं मोबाईल नाही, तुम्ही डायरीत लिहून द्या. त्यांनी ऐकलं, रोज नाही जमलं तरी महत्त्वाचं लिहून देतात. उरलेलं पोरगी मैत्रिणीला फोन करून घेते. संध्याकाळी दोघी फोनवर असतात, एक वाचते आणि एक लिहिते, "थांब थांब, कंसात काय म्हणालीस?" असं चालतं. गणित फोनवर सांगायचं म्हणजे ते आधी आपल्याला नीट कळायला लागतं. तिच्या बाई मला म्हणाल्या, हिला आता सांगता चांगलं येतं. मला त्याचा फार आनंद झाला.

आता ओटीपी. मिस्टरांकडं मोबाईल आहे, ते कामावर घेऊन जातात, आणि बँकेला, गॅसला, आधारला त्यांचा नंबर दिलेला आहे. हे लपवून रिव्ह्यू लिहिला तर तो खोटा होईल. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला की कोड मागतो, मी मिस्टरांना फोन लावते, ते जेवणाच्या सुट्टीत असले तर सांगतात, नाहीतर सिलिंडरवाला दारात थांबतो. थांबतो बिचारा, ओळखीचा आहे. लँडलाइन कनेक्शन घ्यायला गेले तेव्हासुद्धा मोबाईल नंबर मागितला, त्याशिवाय अर्जच पुढं जाईना. म्हणजे घरात एक तरी मोबाईल असल्याशिवाय आज सरकारी आणि बँकेची कामं होत नाहीत, हे सरळ सांगते. मी मोबाईल सोडला तो माझ्या मर्जीनं आणि मागं मिस्टरांचा नंबर आहे म्हणून. ज्यांच्या मागं कुणी नाही त्यांचं काय?

हे मला आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका आजींमुळं कळलं. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको, पद्मशाली समाजातल्या कितीतरी घरांत आजीनं, आईनं, सुनेनं सुपात पानं घेऊन आयुष्य काढलंय. या आजींचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मोबाईल त्यांनी कधी हातात धरलेला नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवण्याचं ऑनलाइन काम, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा या विड्या वळणाऱ्या बायका दिवस बुडवून सेवा केंद्रासमोर उभ्या होत्या. ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि एक आपला आणि एक नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा. ज्यांचे दोघंही गेलेत त्यांनी कुणाचा द्यायचा? दिवस बुडाला म्हणजे त्या दिवशीची मजुरी गेली, हजार विड्यांमागं पैसे मिळतात, न वळलेल्या विड्यांचे कोण देणार. अंगठा लावून घ्या म्हणावं तर आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे मशिनला लागत नाहीत. त्या आजी मला तेलुगू मिसळून म्हणाल्या, "मी तुमच्यासमोर उभी हाय की, मग मी हाय का नाही ते फोनला कशाला विचारताव." मी काय बोलणार यावर. मला याचा मनापासून राग येतो. मोबाईल नसणं हा काही गुन्हा नाही, आणि समोर माणूस कागद घेऊन उभा असताना ते तपासून काम करून द्यायची एक खिडकी प्रत्येक ऑफिसात असायलाच पाहिजे, मग ती बँक असो, रेल्वे असो नाहीतर सरकारी योजना असो. आहेत त्या खिडक्या आपण वापरल्या नाहीत तर गर्दी नाही म्हणून त्या पण बंद करतील, म्हणून ज्यांच्याकडं मोबाईल आहे त्यांनीसुद्धा अधूनमधून खिडकीवर जावं असं मला वाटतं.

आजींना आता माझा नंबर देऊन ठेवलाय. त्यांचा मुलगा भिवंडीला असतो, तो रविवारी माझ्याकडं फोन करतो आणि पोरगी पळत जाऊन आजींना बोलावून आणते. माझ्या लहानपणी पी.पी. नंबर असायचा ना, शेजारच्यांचा फोन आपल्या कार्डावर छापलेला, तसंच. त्या स्पीकर नको म्हणतात, रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून बोलतात, आणि मोठ्यानं बोलतात कारण भिवंडी लांब आहे.

तब्येतीच्या बाबतीत लोक विचारतात की रात्री काही झालं तर. १०८ आणि ११२ दोन्ही लँडलाइनवरून लागतात. मी फोनच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावर आमचा पूर्ण पत्ता, जवळची खूण, बिल्डिंगचा मजला, आणि फॅमिली डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता पण आठवत नाही, म्हणून तो कागद पाहिजेच, मोबाईल असणाऱ्यांच्या घरात पण पाहिजे. घराबाहेर असताना काही झालं तर मात्र माझ्याकडं फोन नाही, हे खरं आहे. एसटीडी बूथ तर गेलेच, पिवळ्या पाट्या काही ठिकाणी अजून आहेत पण आत झेरॉक्स चालतं. अशा वेळी दुकानात जाऊन सांगायला लागतं, आणि सोलापुरात आजपर्यंत तरी मला कुणी नाही म्हटलेलं नाही. फक्त मोबाईल हातात मागू नका, फसवणुकीमुळं लोक बिचकतात, नंबर सांगायचा आणि तुम्हीच लावा आणि एवढा निरोप द्या म्हणायचं. लगेच देतात. त्यासाठी घरचे आणि जवळचे नंबर पाठ पाहिजेत, मला आता पुष्कळ पाठ झालेत.

खर्च सांगते. माझा ३९९ चा प्लॅन आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४७१ च्या आसपास, त्यात देशभर कॉल फुकट आणि वायफाय. डबडं आणि यूपीएस एकदाचा खर्च. मोबाईलचा रिचार्ज आणि दोन-तीन वर्षांनी नवा हँडसेट यापेक्षा मला हे स्वस्त पडतं.

रेटिंग द्यायचंच तर फोनला पाचपैकी साडेचार, अर्धा डिस्प्लेचा कमी, उन्हात काही दिसत नाही. फायबरच्या लाईनला पाचपैकी तीन, यूपीएस लावला तर चार. घरून काम करणाऱ्या बायकांनी, ज्यांचं घरात वय झालेलं माणूस आहे त्यांनी, आणि ज्यांच्या घरात मोबाईलची रेंज नाही त्यांनी जरूर घ्या. डिलिव्हरीचं काम, सेल्सचं काम, दिवसभर रस्त्यावर असणारी माणसं, यांनी मोबाईल सोडायच्या फंदात पडू नका, तुमची रोजीरोटी त्याच्यावर आहे. पण तुम्हीसुद्धा घरात एक वायरचा फोन ठेवायला काय हरकत आहे, निदान घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तुमच्याशी बोलायला कुणाची परवानगी तर मागायला लागणार नाही.

आता मला स्वयंपाकघरात दुसरं डबडं जोडून घ्यायचंय, म्हणजे हॉलपर्यंत पळायला नको. जुन्या लाईनला समांतर जोड देता यायची, फायबरच्या डब्याच्या फोन सॉकेटला पण साधा दोन तोंडाचा जोड लावून चालतं असं दुकानदार म्हणतोय, पुढच्या आठवड्यात वायरमन येणार आहे. कुणी असं करून घेतलं असेल तर दोन्हीकडं रिंग नीट वाजते का तेवढं सांगा.